दोन दऱ्या आणि एकच खांब

या, असे जवळ सरकून बसा. कान इकडे द्या. एका बहिणीची गोष्ट सांगतो, आणि तिच्या भावाची.

भाऊ वायरलेसचा मिस्त्री. शिखरावर त्याचा रिपीटर होता, म्हणजे एका दरीतला आवाज उचलून दुसरीत पोचवणारी पेटी. समोर दोन दऱ्या फाकलेल्या. दरड कोसळली, अँटेना मोडला. डावीकडच्या दरीत त्याची ताई, नर्स, सात आजारी माणसांसह दवाखान्यात अडकलेली. उजवीकडे मदतीच्या गाड्या. मिस्त्री ताईच्या नवऱ्याला, दाजींना, घेऊन धापा टाकत वर चढला. पाठीवर दोन अँटेना होते: एक लांबलचक, दूरवर पोचणारा, पण एकाच दिशेला पाहणारा, दुसरा आखूड, ताकद कमी, नजर रुंद. खांबावर जागा एकाचीच.

"मोठा लाव! तोंड ताईकडे कर," दाजी ओरडले.

"मग आपल्याला ती खणखणीत ऐकू येईल, दाजी. गाड्यांच्या नावाने ठणठणाट."

"आणि आखूड तिच्यापर्यंत पोचलाच नाही तर? तू भाऊ आहेस की खांब?"

"देवा, तूच बघ रे," म्हणत मिस्त्रीने आखूड अँटेना चढवला आणि तोंड केलं दोन्ही दऱ्यांच्या मधल्या उघड्या डोंगराकडे. ना ताईकडे, ना गाड्यांकडे.

खरखर. नुसती खरखर. दाजींनी कपाळ खांबाला टेकलं. मग विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला, "सात जण... मागच्या पायवाटेने पाठवते..."

"निघालो, ताई!" गाडीवाल्याने उत्तर दिलं.

दुपारी सातही जण गाडीत बसले. दवाखान्याची स्वयंपाकीण दिसेना म्हणून ताई मागे फिरली. तेवढ्यात डोंगर पुन्हा गडगडला. मग ताईकडून काहीच नाही.

हाका मारमारून मिस्त्रीचा घसा बसला. शेवटी त्याने मोठा अँटेना उचलला. "आता तिच्याकडेच वळवतो. बाकीचं गेलं खड्ड्यात."

दाजींनी त्याचं मनगट धरलं. "हात लावायचा नाही. तिचे पेशंट अजून घाटात आहेत. कुठला रस्ता खचलाय ते गाडीला कोण सांगणार?" बोलता बोलता ते हमसून रडू लागले, पण मनगट सोडलं नाही.

दिवस मावळता मावळता गाडी सुखरूप पोचली. तेव्हा दोघांनी अँटेना बदलला, नेमका ताईवर रोखला आणि ऐकत बसले. अजून बसलेच आहेत.

मंडळी, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या ताईची आठवण असू द्या.