मला हेर म्हणू नका

मित्रांनो, मी एक जुनी क्रेन आहे. गंजकी म्हणा, कुरकुरी म्हणा, मी हूं की चूं करणार नाही. पण गेल्या वर्षी या लोकांनी मला हेर म्हटलं, आणि ते मात्र मी ऐकून घेणार नाही.

माझा जन्म शांघायजवळच्या एका बेटावर झाला. मला सुटी करून पेट्यांत भरली नाही. उभीच्या उभी जहाजावर चढवली आणि अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून अमेरिकेतल्या सव्हाना नदीत आणली. पुलाखालून जाताना सगळा गाव श्वास रोखून बघत होता. बंदराच्या साहेबांनी माझ्या पायाशी उभं राहून फोटो काढले. स्वस्तात मस्त मिळाली, म्हणाले. अशी क्रेन अमेरिकेत कोणी बनवतच नव्हतं, आणि त्याची लाज तेव्हा कोणाला वाटली नाही.

ऑडेसा पिंकनी ही माझी चालक. पहिल्याच आठवड्यात तिनं केबिनचं छत आकाशी निळं रंगवलं. इथली जुनी कृष्णवर्णीय घराणी ओसरीच्या छताला तो रंग देतात. भुताला ते पाणी वाटतं आणि ते ओलांडून येत नाही.

"एवढ्या उंचावर एकटीनं बसायचं, तर बंदोबस्त नको?" ती म्हणायची. रंगवायला परवानगी लागत होती. तिनं काही ती विचारली नाही.

आम्ही दोघींनी काय काय उचललं म्हणून सांगू! खेळणी, टायर, औषधं, फ्रीज. बहुतेक पेट्या माझ्या माहेरच्याच. इथले कारखाने एकेक करून बंद पडत गेले आणि माझं काम वाढत गेलं. वादळात मी पाय रोवून उभी राहिले. कौतुक तर सोडाच, वंगणसुद्धा वेळेवर मिळेना.

आणि मग वॉशिंग्टनहून केलर नावाचा तपासनीस आला. चीनमध्ये बनलेल्या क्रेन म्हणे लष्कराचं सामान कुठे चाललंय ते घरी कळवतात, आणि वेळ आली की जागच्या जागी बंद पडतात. त्यानं माझा निळा रंग खरवडला, तर आत तारा जोडलेली एक चपटी डबी निघाली.

"ही कोणीतरी मुद्दाम लपवलीय," केलर म्हणाला. "क्रेन मोडीत काढावी लागेल."

खालून मला खुणा करणारा रूफस तेव्हा वरच होता. तो ऑडेसाच्या कानाशी लागला. "गप्प बसा, मिस ऑडेसा. खुर्ची जाईल."

ती गप्प बसणारी नव्हती. "मुद्दाम बिद्दाम काही नाही, बाळा. चीनमधल्या कारागिरांना तिथे बसून बिघाड दिसावा म्हणून आपल्याच साहेबांनी ती डबी मागवली होती. रंग मी फासला. भुतांसाठी."

"भुतांसाठी?"

"हो. भुतं आली नाहीत. तू आलास."

केलर हसला नाही. "ही डबी उद्या भलतं काही पाठवणार नाही, याची खात्री देता तुम्ही?"

"नाही देत. तुझी भीती खोटी नाही. डबी काढून टाक, खुशाल काढ. पण हिचा जीव का घेतोस? माझ्या आजोबांनी महायुद्धात याच नदीवर जहाजं बांधली. आता आपल्याला एक क्रेन बांधता येत नाही, त्याचा राग हिच्यावर काढायचा?"

केलरनं डबी काढून नेली. मोडीत निघायची मी वाचले, पण माझ्या दाराला कुलूप लागलं. परवानगीशिवाय रंग दिला म्हणून ऑडेसाला खुर्चीवरून उतरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला फार राग आला.

आठवड्याभरात लष्कराच्या गाड्यांची रांग धक्क्यावर येऊन उभी राहिली. परदेशी जाणारं जहाज त्या गाड्या घेऊन समुद्राच्या भरतीबरोबर सुटायचं होतं आणि त्याच्यावर पोचेल एवढा लांब हात माझाच होता. शेजारच्या दोन क्रेन आखूड, आणि त्याही माझ्याच गावच्या. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं झालं. केलरनं स्वतः कुलूप काढलं.

कामगारांच्या हजेरीघरात माझ्या खुर्चीसाठी पुकारा झाला. इथे ज्याची खुर्ची अन्यायानं जाते, तिच्यावर दुसरा बसत नाही. कोणी उठेना. रूफस उकडलेल्या शेंगा सोलत बसला होता.

"जागा रिकामी कुठाय, साहेब?" तो केलरला म्हणाला. "ती मिस ऑडेसाची आहे."

केलरनं भरतीच्या पाण्याकडे पाहिलं आणि तिला बोलावणं पाठवलं. ती आली आणि जिना चढली. एकेक गाडी मी अलगद उचलली आणि अलगद ठेवली. वेळ आली की बंद पडते म्हणे! वेळ आली होती, आणि मी चालत होते.

मित्रांनो, तुमच्या बंदरातही माझी एखादी बहीण असेल. तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. तिला उघडा, तपासा, तारा तोडायच्या तर तोडा. पण तिचं वंगण चुकवू नका, आणि तिच्या शेजारी तुमच्या हातांनी बांधलेली एक क्रेन उभी करा. ती उभी राहिली की मग मला काय म्हणायचं ते म्हणा. तोवर तुमची जहाजं मीच भरते आहे.