पांढरी स्क्रीन आणि सात चष्मे

उजेडबाबांना धरून खोलीत माणसं एकतीस, चष्मे सात, दार एक. खिडक्या दोन, दोन्हींवर काळा कागद. समोरच्या टेबलावर बत्तीस इंची स्क्रीन, आणि तिच्यात नुसता पांढराफटक उजेड.

भीती वाटली की मोजत सुटायचं, ही स्क्रीनवालीची लहानपणापासूनची खोड. टीव्ही-मॉनिटरच्या स्क्रीन दुरुस्त करणारी ही बाई आज तेच तेच पुन्हा मोजत होती. शेजारी तिची वहिनी, वहिनीच्या मांडीवर सहा वर्षांची चिमी. चिमीच्या फिटच्या गोळ्या उजेडबाबांच्या सांगण्यावरून अकरा दिवस बंद होत्या. त्या अकरा दिवसांत तिला फिट आली होती चार वेळा.

"साध्या डोळ्यांना काय दिसतंय?" बाबांनी विचारलं.

"पांढरं," सगळे एका सुरात.

"मग डोळे साधेच आहेत, त्याला आम्ही काय करणार? गेलेली माणसं आम्ही उजेडात साठवतो. चष्म्यातून पाहा. पापी माणसाला दिसायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो."

"मला तर लगेच दिसलं बुवा," मागून कुणीतरी म्हणालं.

"नसतं दिसलं तर तुम्ही बरं सांगितलं असतं," शेजारचा पुटपुटला.

वहिनीनं चष्मा पुढे केला. "ताई, घाला ना. गोळ्यांनी चिमीचं वाईट होतंय, असं हेच म्हणतात, उजेडातून."

"दादा स्वतः म्हणतो?"

"बाबा सांगतात ना."

तिनं चष्मा घातला. पांढऱ्या उजेडात दादा उभा होता, निळा शर्ट घालून हसत. त्याला जाऊन चौदा महिने झाले होते. तिला बघवेना. तिनं मान कलती करून डोकं वहिनीच्या खांद्यावर टेकवलं, तसा दादा विरत गेला. मान आणखी कलली आणि तो परत आला. चेहरा काळा, दात काळे, केस पांढरे.

हे काळे दात तिनं आधी पाहिले होते. स्वतःच्याच टेबलावर.

कामाला लागली त्या वर्षी एका मॉनिटरची चरे पडलेली पोलरायझर फिल्म, म्हणजे काचेवरचा उजेड गाळणारा पातळ पापुद्रा, बदलताना तिनं नवी फिल्म आडवी कापून लावली होती. गिऱ्हाईकाच्या फोटोंतले सगळे चेहरे असेच उलटे झाले, पांढऱ्याचं काळं नि काळ्याचं पांढरं. काम शिकवणाऱ्या उस्तादांनी कान धरून म्हणवून घेतलं होतं: फिल्म काढली की पांढरं, आडवी लावली की उलटं, नीट लावली की चित्र.

तिनं मान सरळ केली आणि नीट पाहिलं. दादाच्या खांद्यावर चार बोटं होती. तिचीच.

ती उठली. "वहिनी, माझा नि दादाचा फोटो कुणाला दिला होता?"

"नावनोंदणीला मागितला होता. तुम्हाला कापून, त्यांचा तेवढा दिला."

"बोटं राहिली कापायची." ती लोकांकडे वळली. "या स्क्रीनवरची फिल्म सोलून चष्म्यात बसवलीय. चित्र तिथं आहेच, पण फिल्मशिवाय डोळ्याला ते कळत नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. चष्मा डोळ्यांसमोर धरून उभा होईपर्यंत फिरवा."

"फिरवेल त्याच्या घरातलं आणखी एक जाईल," बाबा सावकाश म्हणाले.

कुणी हललं नाही. वहिनीनं चिमीला घट्ट धरलं. आता वहिनीनं चष्मा फिरवला नाही तर गोळ्या बंदच राहणार, हे स्क्रीनवालीला कळत होतं. मग वहिनीनं एक हात सोडवला, चष्मा घेतला आणि डोळ्यांसमोर फिरवला.

"दातसुद्धा काळे," ती हळूच म्हणाली. "बाबा, हे आता काय म्हणताहेत?"

बाबा पाणी मागू लागले.

"भीती मलाही वाटली," स्क्रीनवाली म्हणाली. "वाटू दे. पण भ्यायलो तरी वस्तू हातात घेऊन, फिरवून बघायची. आणि पोरीच्या औषधाचं डॉक्टरला विचारायचं, स्क्रीनला नाही."

चष्मा फिरवून पाहिला सव्वीस जणांनी. दात काळे दिसले सव्वीस जणांना. डॉक्टरांनी गोळ्या त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू केल्या. पुढच्या साठ दिवसांत चिमीला फिट आली एकदा, दुसऱ्या दिवशी. उरलेल्या अठ्ठावन्न दिवसांत शून्य.