सातवी बादली

सदाशिवराव देशमुखांनी गच्चीवर भाजीपाला लावायला घेतला तो सरकारी कापूस खरेदीचं काम आवरत आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी. सव्वीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या खरेदी केंद्रांवर ग्रेडर म्हणून काढली होती. बैलगाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, क्षणभर थांबायचं आणि कापूस कोरडा की ओला, चांगला की हलका ते सांगायचं, एवढंच त्यांचं काम. पण त्या एका शब्दावर दोन-दोन दिवस रांगेत उभ्या असलेल्या माणसाची गाडी आत जायची किंवा परत फिरायची. पुढे केंद्रं एकेक करून बंद पडली, सदाशिवराव निवृत्त होऊन नेरच्या घरी आले, आणि सकाळची आंघोळ झाली की हातांना करायला काही उरेना.

बादल्यांची युक्ती त्यांच्या मुलीची, निशिगंधाची. ती अकोल्याला शेतकी शिकत होती. नेरला नळ तेव्हा आठवड्यातून एकदाच यायचा, म्हणून तिनं बाबांना कागदावर आकृती काढून दिली. रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या एकीत एक बसवायच्या, वरचीत माती आणि रोप, खालचीत पाणी. वरचीच्या बुडाला भोक पाडून त्यातून जुन्या बनियनची वात खाली सोडायची, म्हणजे माती तिला लागेल तेवढं पाणी आपणच ओढून घेते. पाणी भरायला कडेनं एक पाइप, आणि पाइपात थर्माकोलच्या तुकड्यावर उभी केलेली खराट्याची काडी. खाली पाणी जेवढं, तेवढी काडी वर. सदाशिवरावांनी अशा अकरा बादल्या केल्या, त्यांच्यावर आकडे घातले, आणि पोळ्याच्या सुमारास वांगी, टमाटर, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावली. सातव्या बादलीत भेंडी होती.

दसरा झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सातव्या बादलीची काडी उतरत नाही. बाकीच्या दहा काड्या नळाच्या दिवसापर्यंत पाइपात दिसेनाशा व्हायच्या. ही मात्र भरल्या दिवशी असावी तशी वर. आधी त्यांना वाटलं, काडी अडकली असेल. ती काढून पाहिली, पुन्हा सोडली, ती पुन्हा वर आली. भेंडीला पाणी मिळत नसेल म्हणावं, तर झाड छातीपर्यंत वाढलेलं आणि पानं तळव्याएवढी.

"तू सातव्या बादलीत पाणी टाकतेस का?" त्यांनी जेवताना पत्नीला विचारलं.

"मी कायले टाकू?" बेबीताई म्हणाल्या. "माझे गुडघे जिना चढू देतात का मला?"

त्या आठवड्यात त्यांनी ती बादली मुद्दाम भरली नाही. काडी वरच राहिली. मग एका दुपारी त्यांनी झाडासकट वरची बादली उचलली, खालचीतलं पाणी गच्चीवर ओतून दिलं, बादली कापडानं कोरडी पुसली, सगळं परत जागेवर बसवलं, पाइपाच्या तोंडाला प्लॅस्टिक बांधलं, आणि पॅरापेटला टेकून समोर पेपर वाचत बसले. पहिल्या पानावर कापसाच्या भावाची आणि कुठल्याशा मोर्च्याची बातमी होती. ती त्यांनी दोनदा वाचली. ऊन कलायला लागलं तेव्हा प्लॅस्टिकला आतून टोक आलं. काडी त्याला हळूहळू वर ढकलत होती, घड्याळाचा काटा सरकावा तितक्या सावकाश, आणि शेवटी त्यातून आरपार निघून ती उन्हात उभी राहिली.

त्यांनी बादली उघडली. ओंजळीत थोडं पाणी घेऊन हुंगलं. नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास असायचा. याला कसलाच वास नव्हता. दिवसभर तापलेल्या गच्चीवर ते गार होतं. मग त्यांनी एक घोट घेतला, आणि घेतल्यावर बराच वेळ तिथंच उकिडवे बसून राहिले.

बेबीताई त्या दिवशी एकेक पायरी थांबत, कठड्याला धरून वर आल्या. त्यांनी बादली पाहिली, पाण्यात बोट बुडवलं आणि पदराला पुसलं.

"कोणाचं पाणी आहे हे?" त्यांनी विचारलं. कुठलं असं न विचारता कोणाचं असं त्यांनी का विचारलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"पंजाबराव म्हणून एक माणूस आहे, मारेगावकडचा," सदाशिवराव म्हणाले. इतक्या वर्षांत हे नाव त्यांनी घरात कधी उच्चारलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला एका उन्हाळ्यात त्यांची जीप आडवाटेला बंद पडली होती, आणि या माणसानं त्यांना आपल्या शेतात नेऊन आंब्याखाली बसवलं होतं, विहिरीचं पाणी काढून दिलं होतं. तसं गोड पाणी आजच्या घोटापर्यंत त्यांनी पुन्हा कुठं प्यायलं नव्हतं. केंद्र बंद होण्याच्या आदल्या साली तोच पंजाबराव गाडी घेऊन त्यांच्या रांगेत उभा राहिला. गोदामात जागा नव्हती आणि दहा गाड्या परत लावा असं वरून सांगणं होतं. नऊ लावून झाल्या होत्या. प्रत्येकानं भांडण केलं होतं, एकानं तर कॉलर धरली होती.

"दहावा न भांडणारा पाहिजे होता," ते म्हणाले. "मी त्याला ओळख दिली नाही. हात घातला आणि ओला म्हणालो."

"होता का ओला?"

"खडखडीत कोरडा होता."

"मग? तो काय म्हणाला?"

"तुमचा हात म्हणते त असंल, म्हणाला. बैल वळवले आणि गेला."

"पुढे काय झालं त्याचं?"

"माहीत नाही."

"मग जाऊन पाहा," त्या म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या. "आणि ही भेंडी मी रांधणार नाही."

तो जिवंत असेल का, या एकाच प्रश्नावर सदाशिवरावांनी यवतमाळपर्यंतची बस आणि तिथून पुढची बस काढली. मांडीवर पाच लिटरचा तेलाचा डबा होता, धुऊन घेतलेला. त्यात सातव्या बादलीचं पाणी. मारेगावपासून पुढे ऑटोनं आणि शेवटी पायी ते गावात पोचले तेव्हा पंजाबराव अंगणात गेल्या वर्षीच्या तुरीच्या काड्या बांधत बसलेले दिसले. अंगानं वाळलेले, पण धडधाकट. सदाशिवरावांना हायसं वाटलं.

"या सायेब, बसा," पंजाबरावांनी बाज पुढे ओढली.

"ओळखलं का मला?"

"काहून नाही?" एवढंच म्हणून त्यांनी पुन्हा काड्यांना हात घातला.

"त्या दिवशी तुमचा कापूस कोरडा होता, पंजाबराव."

"मले मालूम होतं," ते शांतपणे म्हणाले. "जाऊ द्या. कापूस त गेला."

सदाशिवरावांनी विहिरीचं विचारलं. पंजाबराव उठले आणि घरामागच्या शेतात त्यांना घेऊन गेले. विहीर खोल आणि काळीशार होती.

"दसऱ्यापासून उतरून राह्यली. हप्त्याले हातभर. पाऊस त यंदा चांगला झाला, बाजूले देवरावची विहीर तोंडालोक भरली हाय, पण त्याले पाणी मांगणं माह्याच्यानं होत नाही. आमचीच काहून आटली, समजत नाही. गहू पेरलाच नाही. बैल बी इकून टाकले."

सदाशिवरावांनी डब्याचं झाकण उघडलं. "थोडं पाणी आणलं आहे. तुमच्या विहिरीत टाकायचं आहे."

पंजाबरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "टाका," म्हणाले.

डबा पालथा झाला. दोघंही काठावर वाकून थांबले. पाणी पडल्याचा आवाज यायला हवा होता तेवढा वेळ गेला, मग त्याच्या दुप्पट गेला. खालून काही ऐकू आलं नाही.

घरी परतल्यावर पंजाबरावांची बायको श्रावणीबाई पाण्याचा गिलास घेऊन आली. पाणी बोअरिंगचं होतं, मचूळ; सकाळी एक मैलावरून आणलं, असं ती म्हणाली. सदाशिवराव ते एका दमात प्याले. दुसरा गिलास मागताना त्यांना संकोच वाटला, तिसऱ्याला जास्तच वाटला. पण तोंडातलं पाणी गळ्याखाली उतरतंय असं काही जाणवत नव्हतं. ओठ कोरडेच होते. पाचव्या गिलासानंतर श्रावणीबाईनं गिलास खाली ठेवला आणि घागरच उचलून आणली. ते बाजेवरून उतरून अंगणात उकिडवे बसले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. ती ओतत राहिली, ते पीत राहिले. सकाळी एक मैलावरून डोक्यावर आणलेलं ते घरातलं सगळं पाणी आहे, हे त्यांना दिसत होतं. पुरे म्हणावं, हात मागे घ्यावेत, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

घागर पालथी झाली. श्रावणीबाईनं तिच्या बुडावर थाप मारली, दोन थेंब पडले, मग तेही थांबले. ओंजळ तशीच पुढे होती.

पंजाबरावांनी ती पाहिली, आणि बायकोच्या हातातल्या रिकाम्या घागरीकडे बोट दाखवत म्हणाले, "देवरावच्या विहिरीवरून आन."