गाडीचा आहेर

व्याह्यांकडून एक वेळ शिवी घ्यावी, पण गाडी घेऊ नये. शिवी विसरता येते. गाडी दारात उभी राहते, तिचा इन्शुरन्स भरावा लागतो, आणि वर शेजारी कौतुकाने विचारतात, नवीन घेतलीत का?

आमचे व्याही डॉक्टर संजय सबनीस. स्टॅनमोरला राहतात, लोकांचे दात पांढरे करतात आणि त्यावर रग्गड कमावतात. त्यांच्या समरशी आमच्या मालविकाचं लग्न झालं, आणि लंडनची भाडी परवडत नाहीत म्हणून पोरं त्यांच्याच घरी वरच्या मजल्यावर राहू लागली. पुढे वर्षभर मी जे जे गिळलं ते एवढ्यासाठीच गिळलं. एकुलती एक लेक त्यांच्या छपराखाली होती.

गेल्या मार्चमध्ये ते दोघं नॉटिंगहॅमला आमच्याकडे जेवायला आले, ते आपल्या काळ्या एसयूव्हीतून. सहा वर्षं वापरलेली गाडी, पण थाट नव्या नवरीचा. आत लेदर, छताला काच, दार उघडलं की पायाशी उजेड. माझा नवरा राजीव तेव्हा नुकताच हॉस्पिटलमधून रिटायर झाला होता. जन्मभर या माणसाने ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना भूल दिली, आणि त्या दिवशी स्वतःच भुलला. पुरणपोळीवर तूप घेता घेता संजयराव म्हणाले, "मी आता इलेक्ट्रिक घेतोय. डीलर हिचे बावीस हजार सहज देईल. पण बाहेर कशाला द्यायची? तुम्हाला अठरा. घरचा भाव."

मी राजीवला स्वयंपाकघरात गाठलं. "मेकॅनिकला दाखवून घे आधी. शे-दोनशे पौंडांत इन्स्पेक्शन होते."

"व्याह्यांच्या गाडीची इन्स्पेक्शन?" मी जणू संजयरावांच्या रक्ताची तपासणी मागितली होती, असा तो दचकला. "लग्नाआधी त्यांनी आपल्या मुलीचं मेडिकल मागितलं होतं का? बरं दिसतं का ते, वैजू?"

इथेच आमची माणसं मार खातात. डीलरकडे वॉरंटीसाठी तासभर हुज्जत घालतील, अनोळखी माणसाच्या गाडीखाली टॉर्च घेऊन आडवे होतील, पण नात्यातल्या माणसाला 'जरा तपासून घेतो' म्हणायला यांची जीभ रेटत नाही. मी जन्मभर एक्स-रे डिपार्टमेंटमध्ये नोकरी केली. बाहेरून धडधाकट दिसणारं आत कुठे तडकलंय, ते बघणं हाच माझा धंदा. तरी त्या दिवशी मीही गप्प बसले, आणि वर सुप्रभाताईंना डब्यात पोळ्या बांधून दिल्या.

अठरा हजार गेले आणि गाडी आमच्या दारात आली. सुरुवातीला राजीव कोपऱ्यावरचं दूध आणायलासुद्धा ती काढायचा. मग एका सकाळी गाडी मागून बसलेली दिसली, चिखलात म्हैस बसावी तशी. एअर सस्पेन्शन गेलं होतं. या महागड्या गाड्या हवेच्या पिशव्यांवर उभ्या असतात, आणि पिशवी फाटली की सगळी श्रीमंती जमिनीला टेकते. त्याचे दोन हजार पौंड गेले. नंतर मधला स्क्रीन काळा पडला, आणि हीटरपासून रेडिओपर्यंत सगळं त्या स्क्रीनच्याच पोटात होतं. नाव मोठं आणि लक्षण खोटं, ते हे. पांढरा हत्ती निदान पांढरा तरी असतो. आमचा काळा होता आणि वर डिझेल पीत होता.

सप्टेंबरात मोटरवेवर इंजिनातून खुळखुळ्यासारखा आवाज आला आणि गाडी कायमची थांबली. गॅरेजवाल्याने सांगितलं, टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाला ताल देणारी साखळी, तुटली, आणि तुटताना इंजिनाचं बरंच वाटोळं करून गेली. दुरुस्तीसाठी गाडीचा अख्खा वरचा सांगाडा उचलून बाजूला काढावा लागणार होता. नऊ हजार, आणि तेही उघडल्यावर आणखी काही सापडलं नाही तर. दुरुस्त करून विकली तर तेवढे तरी सुटतील का, असं मी विचारल्यावर तो नुसता हसला. आम्ही ती तशीच घरी आणून ठेवली.

राजीवने संजयरावांना फोन केला. मी शेजारी बसून ऐकत होते.

"अरेरे," संजयराव म्हणाले. "माझ्याकडे कधी कुरकुरली नाही हो. तुम्ही डिझेल कुठलं भरता?"

माझ्या तोंडावर आलेला शब्द राजीवने हाताने दाबला. अक्षरशः हाताने.

दिवाळीच्या फराळाला आम्ही वॉटफर्डला गेलो होतो. तिथे माझी जुनी मैत्रीण मीनाक्षी भेटली आणि चकली मोडता मोडता म्हणाली, "अगं, सबनीसांची ती काळी गाडी तुमच्या गळ्यात पडली का? आधी अजयला देत होता तो."

अजय तिचा नवरा. तो सबनीसांचा कोणी लागत नाही, त्यामुळे तो खुशाल आपला मेकॅनिक घेऊन गेला होता. मेकॅनिकने इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणाला, चेन जाणार आहे, या गाडीला हात लावू नका. अजयने ते तिथल्या तिथे संजयरावांना सांगितलं होतं. हे सगळं आमच्याकडे पुरणपोळी खायला येण्याच्या आदल्या आठवड्यात घडलं होतं.

घरी परतताना मी आमच्या छोट्या गाडीत एवढी ओरडले, की राजीवने मोटरवेवरच्या थांब्याशी, सर्व्हिसेसला, गाडी थांबवली. "माहीत होतं त्यांना!" मी म्हटलं. "माहीत असून दिली!"

"असेल माहीत," तो म्हणाला. "मालविकाला सातवा लागलाय. ती त्यांच्या घरात आहे. गाडीपायी पोरीला बोल लागता कामा नये."

मी हो म्हटलं. पण मला पैसे नको होतेच. माझ्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. मालविकाच्या फोनवर अलीकडे सारखं 'बाबा म्हणाले, बाबांनी आणलं' सुरू असायचं, आणि हे बाबा म्हणजे संजयराव. आम्हाला लुबाडणाऱ्या माणसाचं माझी लेक कौतुक करत होती. तिला एकदा कळायला हवं होतं की ती कोणाच्या घरात राहते. एकदा तिने त्यांच्याकडे आणि माझ्याकडे बघून ठरवायला हवं होतं. मला माझी मुलगी परत हवी होती, आणि ती कशी मिळवायची हे मी ठरवून टाकलं होतं.

जानेवारीत मालविकाला मुलगी झाली. बारसं फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सबनीसांच्या घरी ठरलं. मुलीकडच्यांनी बारशाला आहेर न्यायचा, ही रीत. मी बाळाला चांदीचे वाळे घेतले, समरला सूट, विहीणबाईंना पैठणी. मग म्हटलं, रीतच पाळायची तर अर्धवट कशाला? बंद गाड्या वाहून नेणाऱ्या एका ट्रकवाल्याला फोन केला आणि स्टॅनमोरचा पत्ता दिला. राजीवला सांगितलं, भंगारवाला गाडी घेऊन जाणार आहे. त्याला हायसं वाटलं.

बारशाला घर माणसांनी भरलं होतं. पाळण्याला कुठूनतरी मागवलेली खरी झेंडूची फुलं लावली होती. समरच्या बहिणीने, देविकाने, आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगितलं, मायरा. घुगऱ्या वाटल्या गेल्या. सुप्रभाताई पाहुण्यांना सांगत फिरत होत्या, "मुलं मेमध्ये वॉटफर्डला स्वतःच्या घरात मूव्ह होतायत. यांनी डिपॉझिट दिलं ना त्यांना!" माझ्याकडे वळून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, मला पहिल्या वेळी ऐकू गेलं नसेल म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याच टाळूवरचं लोणी खायचं आणि गावाला दानधर्म दाखवायचा!

तेवढ्यात बाहेर ट्रक मागे येताना करतो तो टी-टी-टी आवाज सुरू झाला.

मी ताट घेतलं. हळदकुंकू, नारळ, खण, आणि मधोमध गाडीची किल्ली. सुप्रभाताईंना कुंकू लावलं आणि मोठ्याने म्हटलं, "विहीणबाई, एक आहेर राहिला होता. बाहेर आलाय."

सगळे खिडकीशी गेले. ट्रकवाल्याने काळी गाडी सबनीसांच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या पुढ्यात आडवी उतरवली होती. उतरता उतरता तिने पुन्हा मागचं बूड टेकलं.

"वैजयंतीताई, धिस इज नॉट द प्लेस," संजयराव हळू आवाजात म्हणाले.

"मग प्लेस कोणती होती, संजयराव? अजयभाऊंच्या मेकॅनिकने चेन जाणार म्हणून सांगितलं ती? का आमच्या टेबलावर बसून तूप ओढत होतात ती? तुम्ही वरपक्ष. तुमच्याकडे परत कसं मागणार आम्ही? म्हणून आहेर करतेय. आणि डिझेल चांगलंच भरलंय हो, काळजी करू नका."

कोणीतरी मागे फिसकन हसलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. एवढ्या दिवसांत संजयरावांचे ते पांढरे दात पहिल्यांदाच झाकलेले दिसले. ते मला काहीतरी सुनावतील म्हणून मी तयार होते. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते मालविकाकडे बघत होते.

मालविकाने बाळ सासूच्या हातात दिलं, आणि ती पुढे येऊन इथे वाढलेल्या पोरांच्या त्या मराठीत म्हणाली,

"आई, बास. मला माहीत होता."

"काय माहीत होतं?"

"द इंजिन. अजयअंकलनी नाही म्हटल्यावर बाबा गाडी ऑक्शनला टाकणार होते. फाइव्ह थाउजंड आले असते, मॅक्स. मीच म्हटला, आई-डॅडना द्या. बाबा नको म्हणत होते. मी म्हटला, डॅड चेक नाही करणार. इट वॉज माय आयडिया."

मी ताटातल्या किल्लीकडे बघितलं.

"आणि ते पैसे बाबांनी ठेवले नाहीत," ती म्हणाली. "सगळा आम्हाला दिला. डिपॉझिटला."

"अगं, मग माझ्याकडे मागायचे होतेस!" माझा आवाज चिरकला. "पोटच्या पोरीला मी नाही म्हणाले असते?"

"मागितले होते. ट्वाइस. तू म्हणालीस, आधी मूल, मग घर. लाइक इट वॉज अ डील."

म्हणाले होते मी. तिशी उलटलेल्या मुलीला कोणतीही आई म्हणेल, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. "मग आता झालं ना मूल?" मी म्हटलं. "आता मागायचे. आनंदाने दिले असते."

"हो, दिले असते. मग ते घर तुझा झाला असता." ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. "कर्टन्स तू सांगितल्या असत्या. किचन तू सांगितला असता. मायराला कुठल्या शाळेत घालायची ते पण. आता ते गाडीचे पैसे आहेत. तू गाडी घेतलीस. देअर इज नथिंग यू कॅन से."

मी संजयरावांकडे पाहिलं. मला त्या माणसाचा तिरस्कार करायचा होता, आणि मी तो करतेच. पण चोर तो एकटा नव्हता. दरोड्याची वाट माझ्याच पोरीने दाखवली होती, आणि घरातलं कोणतं दार नुसतं लोटलेलं असतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

राजीव इतका वेळ भिंतीशी उभा होता. तो पुढे आला आणि फक्त एवढंच म्हणाला, "डॅड चेक करणार नाहीत, असं म्हणालीस तू?"

मालविकाने मान खाली घातली. तिने आतापर्यंत जे जे केलं त्यातलं तेवढंच तिला लागलेलं दिसलं. राजीवने हँगरवरचा कोट घेतला आणि बाहेर आमच्या छोट्या गाडीत जाऊन बसला.

ताट अजून माझ्याच हातात होतं. एकदा केलेला आहेर परत नेता येत नाही, आणि हा मीच भर सभेत केला होता. मालविकाने ताटातली किल्ली उचलली, नारळ आणि खण उचलला, आणि बाळंतिणीचं अंग असूनही खाली वाकून मला नमस्कार केला. लग्नातसुद्धा तिने मला असा नमस्कार केला नव्हता, गळ्यात पडली होती. मी आशीर्वाद द्यायला हात पुढे केला, तोवर ती उभी राहून मागे सरली होती.

दाराजवळच्या टेबलावर पाहुण्यांना द्यायच्या कागदी पिशव्या मांडल्या होत्या. आत दोन लाडू आणि मायराचं नाव लिहिलेली मेणबत्ती. त्यातली एक तिने माझ्या हातात दिली.

"थँक यू फॉर कमिंग," ती म्हणाली, आणि माझ्या मागे निघालेल्या बाईंकडे वळून त्यांनाही तेच म्हणाली.