सुईत दोरा

निवृत्त तपास अधिकाऱ्याने जाड पाकीट कात्रीने कापलं आणि खात्याकडून मंजुरी होऊन आलेलं आपलं हस्तलिखित टेबलावर काढलं. दोनशे चाळीस पानं, त्यांवर काळ्या पट्ट्याच पट्ट्या. सरकारी मंजुरीचा शिक्का मात्र ठसठशीत.

"अहो, हे पुस्तक आहे की झेब्रा?" चहाचा कप ठेवत बायको म्हणाली.

तो हसला नाही. बॉम्ब पेरणाऱ्या टोळीचा माग त्याने सहा वर्षं काढला होता, आणि सगळं लिहिलं होतं. आपल्याच खात्यातलं कुणीतरी टोळीला आतून बातम्या पुरवत होतं आणि तो माणूस कधी हाती लागला नाही, हेसुद्धा. ते प्रकरण तर सबंध काळं. मेल्यांनी एक स्वल्पविरामही सोडला नव्हता.

पण त्याच्या जिवाला घोर होता तो एका शिंप्याचा. टोळीच्या पिशव्यांना चोरकप्पे शिवता शिवता याच शिंप्याने त्याला सगळ्या खबरा दिल्या होत्या. त्याचं नाव कुठल्याच फाइलीत नव्हतं. "साहेब, नाव फुटलं तर मी गेलो," एवढंच तो म्हणाला होता, आणि साहेबाने शब्द दिला होता. म्हणून पुस्तकात त्याने शिंप्याचा घड्याळजी करून टाकला.

घड्याळजी जिथे-तिथे शाबूत होता. त्याला जरा हायसं वाटलं. मग एकशे बारावं पान आलं. सगळं पान काळं, मधे एकच वाक्य मोकळं, आणि त्याखाली फूटपट्टी लावून ओढलेली पेन्सिलची बारीक रेघ.

बायकोने खांद्यावरून वाकून वाचलं. "'घड्याळजीने दोरा ओठांत ओला केला आणि सुईत ओवला.' इश्श! घड्याळजी कशाला सुईत दोरा ओवेल? काहीतरीच लिहिता."

त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं. त्याने धंदा बदलला होता, हात मात्र शिंप्याचेच राहिले होते.

"अहो, चहा तरी घ्या! निघालात कुठे?"

अकरा वर्षांत तो शिंप्याच्या दुकानाची पायरी चढला नव्हता. आतून मशीनचा आवाज येत होता. शिंपी जिवंत होता, गळ्यात टेप, नाकावर चष्मा. त्याला बघून साहेबाला रडूच यायचं राहिलं.

"साहेब? तुम्ही? इथे?"

"नवं गिऱ्हाईक कुणी आलं होतं का?"

"सकाळी एक गृहस्थ आले होते की. फार सभ्य. कोटाचं माप दिलं आणि जाताना थट्टा केली बघा." शिंप्याने ड्रॉवर उघडला. "म्हणाले, माझं घड्याळ बंद पडलंय, तेवढं दुरुस्त करा. म्हटलं, अहो, मी शिंपी. तर म्हणाले, माहीत आहे."

त्याने घड्याळ टेबलावर ठेवलं. ते ठणठणीत चालू होतं.

"न्यायला कधी येणार?"

शिंप्याचं हसू हळूहळू ओसरलं. "म्हणाले, तुमचे एक जुने ओळखीचे आज येतील. ते येऊन गेले की येतो."

साहेबाने एकदा दाराकडे पाहिलं. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून तो बसला.

"मला एक शर्ट शिवायचाय," तो म्हणाला. "घाई नाही. सावकाश शिव."