बांगड्यावाल्याच्या मैनेचा लगाम

दुपारची वेळ होती, घर निजलेलं. तेवढ्यात पत्र्याच्या पेटीचा कोयंडा खट्‌कन वाजला आणि आठ वर्षांनी माझ्या अंगावर उजेड पडला. कनीजने मला गोधडीखालून काढलं, ओढणीने पुसलं आणि मांडीवर घेऊन बसली. मित्रांनो, तो काळपट, ताठरलेला चामड्याचा लगाम म्हणजे मीच.

माझा जन्म राजुऱ्याचा. कनीजचे अब्बा गुलाम रसूल खेडोपाडी फिरून बांगड्या विकायचे. मैना नावाच्या तांबूस घोडीवर दोन्ही बाजूंना पेट्या बांधलेल्या आणि मधे ते स्वतः. माल काचेचा, वाट जंगलाची. एक हिसका बसला की सगळा चुराडा! म्हणून मला शिवायचं काम त्यांनी परक्या हातात दिलं नाही, स्वतः केलं. मैनेच्या तोंडात बसणारी लोखंडी कांब लोहाराकडून घडवून आणली, ती आधी आपल्या गालावरून फिरवून पाहिली. जराशी खरखर लागली, तर परत नेऊन घासून आणली. असा माणूस!

ते माझ्या वाद्या एकाच हाताने धरत, त्याही दोन बोटांत. दुसरा हात त्यांना मोकळा लागायचा. वाटेतली फांदी सारायला, धानाच्या बांधावरचं फाटक खाली न उतरता उघडायला. आणि हो, मागे वळून ते लावूनही घ्यायला, नाहीतर गावाची गुरं धानात शिरायची. मैनेलाही सगळं ठाऊक होतं. रस्त्यात एखाद्या बाईने हात वर केला की ती आपोआप थांबे. त्या बाईने मानेवर थाप देऊन "जाय" म्हटल्याशिवाय पाऊल हलवत नसे.

कनीज लहानपणापासून अब्बांच्या पुढ्यात बसून हिंडली. दहा वर्षांची झाल्यावर वाद्या तिच्या हाती आल्या. तेव्हा अब्बांनी एवढंच सांगितलं, "ओढू नोको बेटा. दोन बोटानं इचार तिले."

मग गावोगाव जीपगाड्या धावू लागल्या, किराणा दुकानांतही बांगड्या टांगल्या गेल्या. अब्बांचा गुडघा आखडला. मैना नुसती खुंट्याला उभी राहू लागली आणि चाऱ्याचा खर्च काही चुकत नव्हता. वीटभट्टीवाला लटारू तिला गाडीला जुंपायला मागत होता.

त्याच हिवाळ्यात, म्हणजे १९९९ साली, फौजेतून परतलेले घोडेस्वार गुणवंतराव यांनी चंद्रपुरात एक स्पर्धा ठेवली. परदेशातले गुराखी आपल्या कामाच्या घोड्यांवर असा खेळ खेळतात, त्याला वर्किंग इक्विटेशन म्हणतात, असं ते समजावून सांगत. नुसती दौड नाही. घोड्यावरूनच फाटक उघडायचं, फळ्यांच्या पुलावरून जायचं, खांबांमधून वळत निघायचं, पाण्याची घागर उचलून पुन्हा जागेवर ठेवायची. पहिले तीन घोडे ते आपल्या शिकवणीत ठेवून घेणार होते. चारापाणी त्यांचं, मालकी घरची.

अब्बा म्हणाले, "पहिल्या तिघांत आली तं मैना आपलीच राहीन. नाई तं मी लटारूले हो म्हणतो."

कनीज तेव्हा सतरा वर्षांची. महिनाभर ती पहाटे नदीकाठी सराव करत होती. मैदानावर एका टांगेवाल्याने तिला टोमणा मारला, "काऊन वं, बांगड्या भराले आली का इथी?"

"हो भाऊ," ती म्हणाली, "तुमच्या हाताचं माप सांगा."

भोवतीचे सगळे हसले, टांगेवालासुद्धा.

काय सांगू मित्रांनो, काय चालली मैना त्या दिवशी! फाटकाजवळ ती अशी आडवी उभी राहिली की फाटकाला बांधलेल्या दोरीवरून कनीजचा हात सुटला नाही. बाकीचे स्वार फाटक उघडता उघडताच दमले होते. हिने उघडलं आणि सवयीने लावूनही घेतलं. पुलावर टापांचा ताल चुकला नाही. घागरीतला थेंब सांडला नाही. आता फक्त शेवटची दौड उरली होती.

वाट बायकांच्या मंडपासमोरून जात होती. तिथे पोंभुर्ण्याकडची गुणाबाई बसली होती, अब्बांची जुनी गिऱ्हाईक. तिने घोडी ओळखली. "अवो, हे तं आपली मैना!" म्हणत तिने कौतुकाने हात वर केला. तिचं बघून शेजारच्या चारजणींनीही केला.

मैना जागच्या जागी थांबली.

मैदान हसू लागलं. घड्याळ पुढे सरकत होतं. कनीजची मूठ माझ्यावर आवळली. मला कळलं, एक झटका दिला की कांब टाळूला लागेल, मैना कळवळून सुटेल आणि वेळेत पोहोचेल. कनीजलाही ते कळत होतं. मग एकेक बोट सैल झालं.

काय झालं ते गुणाबाईच्या ध्यानात यायला थोडा वेळ गेला. ती मैदानाच्या कडेच्या दोरीखालून वाकून धावत आली, मैनेच्या मानेवर थाप दिली. "मीच चुकली वं पोरी. जाय माय, जाय!"

मैना वाऱ्यासारखी गेली. नंबर चौथा आला.

गुणवंतरावांनी मैनेचं तोंड उघडून आत पाहिलं. कुठे घट्टा नाही, ओरखडा नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "तीस वर्सं घोड्यावर काढली मी. असा हात नाई पाह्यला," ते कनीजला म्हणाले. पण त्यांच्या तबेल्यात जागा तिघांनाच होती.

लटारू मैनेला घेऊन गेला. गाडीचा लगाम त्याच्याकडे होता, म्हणून मी मागे राहिलो. आधी भिंतीवर, मग पेटीत. चामडं वाळलं, टाके उसवले. तक्रार नाही माझी. एवढंच सांगतो मित्रांनो, मुक्या जनावराचं तोंड तुमच्या मुठीत असेल, तेव्हा ती मूठ जपून वापरा. आणि माझ्यासारख्या जुन्या सोबत्यांना अधूनमधून तेलाचा हात लावत जा.

कनीजही आज तेच करत होती. खोबरेल चोळता चोळता ही सारी हकिकत ती लेकीला सांगत होती. सहा वर्षांची महेक केव्हाच उठून तिच्याशेजारी येऊन बसली होती. गोष्ट संपल्यावर तिने माझ्या कांबेवरून बोट फिरवून पाहिलं.

मग म्हणाली, "अम्मी, तू तवा लगाम ओढला असता, तं मैना आपल्या घरीच राह्यली असती ना?"

"हो, राह्यली असती," कनीज म्हणाली आणि तिने माझी तेलाने माखलेली वादी लेकीच्या दोन बोटांत दिली.