कुलपाच्या आतलं समुद्रफूल

मी एक जुनं समुद्रफूल आहे. मित्रांनो, नाव ऐकून मला देठ असेल, पानं असतील असं समजू नका. मी फूल नाही, प्राणी आहे. खाली एक मऊ तळवा आणि वर फुगीर टोकांच्या बोटांचा झुबका, एवढंच माझं शरीर. मला डोळे नाहीत, कान नाहीत. उजेड, सावली आणि पाण्याचा थरकाप यांवरून मला जग कळतं. घरात कोणी मोठ्यानं बोललं, कोणी काचेला बोट टेकवलं, की ते पाण्यातून माझ्यापर्यंत येतं; रंगरूप आणि बाकीचं मी त्यांच्या बोलण्यावरून जुळवलं आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, जवळ आलेल्या प्रत्येक सावलीचा मला पहिल्यांदा संशयच येतो. त्याला कारण आहे.

समुद्रातल्या एका मोठ्या समुद्रफुलाचे दोन भाग झाले आणि त्यातला एक भाग म्हणजे मी. पुढे कोणीतरी मला खडकासकट उचललं आणि मी मुंबईतल्या एका रंगीत माशांच्या दुकानात आलो. तिथे एका घाईतल्या हातानं मला काचेवरून ओढून काढलं. सोलल्यासारखा माझा तळवा फाटला. आमचं सगळं बळ त्या तळव्यात असतं. तो फाटला की आमच्यातली बहुतेक जण वाचत नाहीत.

मी वाचलो, कारण त्या दुकानात प्रेमानंद नावाचा एक तरुण कामाला होता. त्यानं मला वेगळ्या भांड्यात ठेवलं. जखम भरून येईपर्यंत त्यानं मला बोटही लावलं नाही. मला मात्र वाटत राहिलं, याचाही काहीतरी डाव असणार.

प्रेमानंद मूळचा सेनगावचा. त्याचे वडील सोनाजी वारले, तेव्हा तो कायमचा घरी परतला. येताना त्यानं मला विकत घेतलं. मी ज्या दगडाला चिकटलो होतो तो दगडच त्यानं उचलला, मला ओढलं नाही. सोबत नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे होते. हिंगोलीहून सेनगावच्या जीपमध्ये मी त्याच्या मांडीवर, थर्माकोलच्या डब्यात होतो. जीपवाला लालसिंग सारखा मागे वळून बघत होता.

"डब्यात काय हाय रे, प्रेमानंद?"

"फूल हाय."

"फूल हाय तर झाकून काहून ठेवलं?"

"खाऱ्या पाण्यातलं हाय. सोबत मासे बी हायत."

"मिठात मासे?" लालसिंग म्हणाला. "मंग पाळून नको राहू बाबा, तळून टाक!"

सगळी जीप हसली. डबा हादरला आणि मी बोटं मिटून घेतली.

हे दोन हजार सहाचं साल. प्रेमानंदनं घराच्या पुढच्या खोलीत मोटार वायंडिंगचं दुकान टाकलं. जळालेल्या शेतपंपांच्या मोटारी तो दुरुस्त करायचा. आतल्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली त्यानं माझी काचेची पेटी मांडली. पाणी फिरवायला एक छोटा पंप बसवला. वीज गेल्यावर पाण्यात निदान हवेचे बुडबुडे तरी चालू राहावेत म्हणून एक जुनी बॅटरी जोडली. वीज तर रोजच जायची. लोडशेडिंगचे दिवस होते ते.

घरात त्याची आई जनकाबाई, बायको संध्या आणि तिसरीत शिकणारी लेक राणी. राणीची सावली सगळ्यांत छोटी होती आणि मला तिचाच जास्त संशय यायचा. शाळेतून आली की ती नाक काचेला चिकटवून बसायची. काचेवर तिच्या श्वासाचा ढग जमायचा. मी मनात म्हणायचो, ही पोरगी काय शोधतेय? हिचा हात कधी आत येणार? पण तो हात कधीच आत आला नाही. ती फक्त बघायची आणि माझ्या बोटांत लपणाऱ्या माशांशी हळूच बोलायची. हळूहळू मी तिच्यासमोर पूर्ण उघडू लागलो.

मग प्रेमानंदनं मुंबईहून समुद्रातला आणखी एक दगड आणला. पेटी भरलेली दिसावी म्हणून. त्या दगडाच्या भोकांत लपून काही पाहुणे आले. तपकिरी, काचेसारखी आरपार दिसणारी, करंगळीच्या नखाएवढी फुलं. दिसायला माझ्यासारखीच, पण ती जो शेजारी सापडेल त्याला डंख करतात. मला पहिला चटका बसला तेव्हाच मी ओळखलं. पण सांगणार कोणाला?

जनकाबाईनं ती फुलं पाहिली. तिचं सगळं आयुष्य सोयाबीनमध्ये, तुरीत निंदणी करण्यात गेलं होतं. ती म्हणाली, "हे तर तण हाय बाबा. निंदून टाक, लहान हाय तवरच."

प्रेमानंदला ते बरोबर वाटलं. त्यानं पातळ पातं घेतलं आणि तो ती फुलं खरवडून काढू लागला. एखाद्या दिवशी म्हातारीही बाही वर सारून खुरपं घेऊन यायची. संध्या स्वयंपाकघरातून म्हणायची, "तुरीत निंदायला बाई मिळंना, अन् इथं माशाच्या पेटीत मायलेक निंदून राहिले!"

मित्रांनो, शेतातलं तण उपटून बांधावर टाकलं की उन्हात वाळतं. पाण्यात बांध कुठे? खरवडलेला प्रत्येक तुकडा तरंगत जायचा, दुसऱ्या दगडावर बसायचा आणि त्याचं नवं फूल व्हायचं. ते जितकं निंदत तितकं ते पीक वाढत होतं. थोड्याच दिवसांत माझ्या दगडाला चहूबाजूंनी वेढा पडला. दोन्ही मासे एका कोपऱ्यात दबून राहू लागले.

"एवढं काढून राहिलो, तरी वाढते कसं?" प्रेमानंद चिडून म्हणायचा. "कोणीतरी आत काहीतरी टाकून राहिलं." आणि त्याची नजर राणीकडे जायची. तिनं फार पूर्वी माशांना पोळीचा तुकडा टाकला होता, ते त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

चटके सोसवेनात तेव्हा मी निघालो. हो, आम्ही चालतो. तळवा एका बाजूनं सोडवायचा, पुढे सरकवायचा, पुन्हा चिकटवायचा. गोगलगाईलाही कंटाळा येईल अशी आमची चाल. पण प्रेमानंदला हे ठाऊक नव्हतं. दुकानात आम्हाला छोट्या छोट्या कप्प्यांत ठेवत आणि लगेच विकून टाकत. चालणारं समुद्रफूल त्यानं कधी बघितलंच नव्हतं. इथेही आजवर मी एकाच दगडावर सुखानं बसून होतो.

सकाळी त्यानं मला वेगळ्याच ठिकाणी पाहिलं.

"राणी, फुलाला हात लावला?"

"न्हाई पप्पा."

"खरं सांग."

"खरंच न्हाई लावला."

"मंग ते काय पायानं चाललं?"

मी आतून ओरडावं म्हटलं तर मला तोंड आहे, पण आवाज नाही. दुसऱ्या दिवशी मी आणखी सरकलो आणि त्या दिवशी तिला पुन्हा बोलणी बसली. संध्या मध्ये पडली, "लेकरू न्हाई म्हणतंय तर न्हाई लावला असंल." पण संशय एकदा घरात शिरला की तोही आमच्या पेटीतल्या तणासारखाच. प्रेमानंदनं पेटीच्या लाकडी झाकणाला कडी बसवली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. "पेटीच्या कोणत्याच वस्तूला हात लावायचा न्हाई. वायरलाबी न्हाई. समजलं?"

त्यानंतर ती छोटी सावली काचेजवळ येईनाशी झाली. ती समोरच्या भिंतीला टेकून अभ्यास करायची, माझ्याकडे पाठ करून. ज्या सावलीचा मला संशय होता तिचीच मी वाट पाहू लागलो. आणि मला दुसरीच भीती वाटू लागली. माझ्यामुळे एका लेकराला घरात खोटं ठरवलं जात होतं.

एके दुपारी वीज गेली. प्रेमानंद एका शेतातली मोटार उतरवायला गेला होता आणि संध्या बाजारात. पंप बंद, पाणी शांत. डंखापासून दूर जायला एवढी चांगली वेळ नव्हती. मी काचेवरून सरकत सरकत एका काळ्या, थंड, जाळीदार जागेवर पोचलो. तिथे एकही तपकिरी फूल नव्हतं. मी निवांत झालो. ती पंपाच्या तोंडाची जाळी आहे हे मला कुठे माहीत! वीज आली की पंप मला आत ओढून चिंध्या करणार होता. आणि आमच्या चिंध्या झाल्या की सगळं पाणी विषारी होतं, मासेही वाचत नाहीत.

राणीनं मान वळवली ती बहुतेक सवयीनंच. मग तिची सावली धावत काचेशी आली.

"आजी! फूल पंपावर बसलं!"

"बसू दे. तू हात नको लावू, तुझा बाप बोलंल."

"पण लाईट आली की ते कापून जाईल!"

"मंग बापाला येऊ दे."

"तवर लाईट येईल ना, आजी!"

ती थोडा वेळ उभी राहिली. मित्रांनो, तिच्या मनात काय चाललं असेल ते मला नीट कळत होतं. वायर काढली तर आळ पक्का होणार. नाही काढली तर ती निर्दोष राहणार आणि मी संपणार. तिच्या पावलांचा थरकाप भिंतीकडे गेला. खट् असा आवाज झाला. तिनं पंपाची पिन उपटली होती. जनकाबाई काही बोलणार एवढ्यात गल्लीतली पिठाची गिरणी घरघरू लागली. खोलीत दिवा लागला. पंप मात्र गप्प राहिला.

प्रेमानंद आला तो थेट पेटीपाशी. पंप बंद, फूल तिसऱ्याच जागी. "पिन कोणी काढली?"

"मी."

"अन् फूलबी तूच हलवलं. आता बोल, काहून खोटं बोलत होती?"

राणी रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "पप्पा, कुलूप बघा ना."

प्रेमानंदनं कुलूप पाहिलं. बंद होतं. त्याचा हात खिशात गेला. किल्ली खिशातच होती. तो खुर्ची ओढून पेटीसमोर बसला. जनकाबाई, राणी, मागून आलेली संध्या, सगळ्यांच्या सावल्या काचेवर एकत्र आल्या. एवढ्या सावल्यांनी एरवी मी मिटलोच असतो. पण आज मी तळव्याची एक कड सोडवली आणि सगळ्यांदेखत सरकलो. थोडासाच, पण सरकलो.

मग प्रेमानंद म्हणाला, "राणी, चूक माझी हाय."

"तसं नका म्हणू," राणी म्हणाली. "म्हणा, की ते पायानं चाललं."

"पायानं चाललं, माय. पायानंच चाललं." आणि त्यानं तिला पोटाशी धरलं.

त्यानंतर त्याला दुकानातली एक गोष्ट आठवली. तिथे अशा तपकिरी फुलांवर पांढऱ्या पुडीचा लगदा सोडायचे. ती पूड म्हणजे चुनाच की! जनकाबाईच्या तंबाखूच्या डबीतला चुना त्यानं पाण्यात कालवला, पंप बंद ठेवून इंजेक्शनच्या नळीनं एकेका तपकिरी फुलावर अलगद सोडला. राणी बोट दाखवायची, "हे राहिलं, पप्पा." एका दिवसात सगळी नाही, रोज थोडी थोडी. मी जाळीवरून काचेवर सरकल्यावरच पंपाच्या जाळीवर स्पंज बांधला. मला कोणी ओढलं नाही. पाण्याचा झोत माझ्याकडे वळवून ठेवला, तेव्हा मीच कंटाळून उठलो आणि माझ्या दगडावर परत गेलो.

मित्रांनो, मला हलवायचं असेल तर ओढू नका. मी का निघालो ते आधी शोधा. आणि एखाद्या लेकरानं "मी नाही केलं" म्हटलं, तर कुलूप आणायच्या आधी त्याच्याजवळ घडीभर बसून बघा.

आता झाकणाची कडी उघडीच असते. संध्याकाळी छोटी सावली येते. खरं सांगतो, अजूनही आधी जरासा संशय येतोच. मग ती काचेला तळहात टेकवते, आणि मी बोट न् बोट उघडतो.